खुर्ची जाते, मतदारसंघ राहतो



महाराष्ट्राच्या मुख्यमंत्रिपदावर मराठवाड्यातून आजवर चौघे बसले. शंकरराव चव्हाण, शिवाजीराव पाटील निलंगेकर, विलासराव देशमुख आणि अशोक चव्हाण. चौघेही नांदेड आणि लातूर या दोनच जिल्ह्यांतले. मार्च १९८६मध्ये लातूरच्या मुख्यमंत्र्यांना एका प्रकरणावरून पायउतार व्हावे लागले आणि खुर्ची नांदेडला गेली. डिसेंबर २००८मध्ये पुन्हा लातूरच्याच मुख्यमंत्र्यांना जावे लागले आणि खुर्ची पुन्हा नांदेडलाच गेली. नोव्हेंबर २०१०मध्ये नांदेडची पाळी आली. या वेळी मात्र खुर्ची लातूरला परतली नाही, थेट कराडला गेली. तेव्हापासून ती मराठवाड्याकडे फिरकलेली नाही.

एखाद्या प्रकरणात नाव आले की ‘आता हा संपला’ असे आपण म्हणतो. चार-पाच वर्षांनी तोच माणूस गळ्यात हार घालून उघड्या जीपमधून आपल्याच गल्लीतून जातो. मग आपण दुसऱ्या टोकाला जातो, ‘लोकांना कशाचंच काही वाटत नाही’ असे म्हणून मोकळे होतो. ही दोन्ही वाक्ये मोंढ्यात, एसटी स्टँडवर, प्राध्यापकांच्या खोलीत सारख्याच खात्रीने बोलली जातात. मला दोन्ही अर्धवट वाटतात. घोटाळ्याची शिक्षा होते, पण ती बहुधा मतदान केंद्रावर होत नाही, पक्षाच्या बैठकीत होते. तिथे आरोप किती गंभीर आहे यापेक्षा आरोपी पक्षाला किती जड जाईल, हे जास्त मोजले जाते. आपल्या दोन जिल्ह्यांचा चाळीस वर्षांचा इतिहास डोळ्यांपुढे ठेवून हे तपासावे, असा आजचा बेत आहे.

एक खुलासा आधीच करतो. आज ज्यांची नावे घेणार आहे त्यांपैकी महाराष्ट्राच्या एकाही मुख्यमंत्र्याला या प्रकरणांत कोणत्या न्यायालयाने दोषी ठरवून शिक्षा दिलेली नाही. कुठे न्यायालयाचे ताशेरे आहेत, कुठे चौकशी आयोगाचा अहवाल आहे, कुठे नुसताच अविचार आहे. लोकांच्या तोंडी हे सगळे ‘घोटाळा’ या एकाच पोत्यात जाते, म्हणून मीही तो शब्द सैलपणे वापरतो आहे.

पहिले प्रकरण निलंगेकरांचे. जून १९८५मध्ये ते मुख्यमंत्री झाले. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये मुंबई विद्यापीठाची स्त्रीरोग आणि प्रसूतिशास्त्राची एम. डी.ची परीक्षा झाली. परीक्षार्थींमध्ये मुख्यमंत्र्यांची कन्या होती. ती उत्तीर्ण व्हावी म्हणून गुणांमध्ये फेरफार झाला, असा आरोप घेऊन त्याच परीक्षेला बसलेला एक डॉक्टर उच्च न्यायालयात गेला. न्यायालयाने ताशेरे ओढले आणि मार्च १९८६मध्ये निलंगेकरांनी राजीनामा दिला. कारकीर्द जेमतेम नऊ महिन्यांची झाली. प्रकरण पुढे सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले, पण नावाला लागलेला डाग काही तिथेही निघाला नाही.

या प्रकरणात एका पैशाचीही देवघेव नव्हती. जमीन नव्हती, टेंडर नव्हते, गुत्तेदार नव्हता. होते ते फक्त मार्क. तरीही मला हे प्रकरण आपल्याकडच्या सगळ्या घोटाळ्यांत सर्वांत बोचरे वाटते. ज्या भागात कोरडवाहू जमीन विकून पोराला शिकवतात, तिथे मार्कांना काय किंमत असते हे कुणाला सांगावे लागत नाही. कोट्यवधींचा आकडा ऐकला की माणूस हसून सोडून देतो, कारण तो आकडा त्याच्या आयुष्यात बसत नाही. वाढवलेले मार्क मात्र त्याला लगेच कळतात.

मग निलंग्याने काय केले? निलंगेकरांचे राजकारण संपले नाही. २००३मध्ये सुशीलकुमार शिंदे यांच्या मंत्रिमंडळात ते महसूलमंत्री झाले. २००४च्या विधानसभेला ते हरले, पण हरवले ते सख्ख्या नातवाने, भाजपच्या संभाजी पाटील निलंगेकरांनी. त्या निवडणुकीत गुणपत्रिकेचा विषय नव्हता, घरातली भाऊबंदकी होती. २००९मध्ये आजोबांनी नातवाला पाडून जागा परत घेतली. परीक्षा प्रकरणाला तेव्हा तेवीस वर्षे झाली होती. म्हणजे आमदारकी राहिली, मंत्रिपद मिळाले, पक्षात मान राहिला. फक्त ती एक खुर्ची पुन्हा कधी आली नाही.

१९८६मध्ये निलंगेकरांच्या जागी आले शंकरराव चव्हाण. हेडमास्तर म्हणून ओळखले जाणारे, फाइल शेवटच्या पानापर्यंत वाचणारे, पाटबंधाऱ्यांचा ध्यास घेतलेले. ताशेरे खाऊन एक मुख्यमंत्री गेल्यावर दिल्लीला नेमका असाच, करड्या शिस्तीचा माणूस हवा असतो. अशा वेळी नुसती खुर्ची रिकामी होत नाही, पुढचा माणूस कसा असावा हेही बऱ्याच अंशी ठरून जाते. गेलेल्याच्या उलट दिसणारा माणूस शोधला जातो. शंकररावांची योग्यता निर्विवाद होती. पण ती दिल्लीला नेमकी त्या आठवड्यात आठवली, याला कारण एक गुणपत्रिका होती.

आता २००८. २६ नोव्हेंबरच्या मुंबईवरील हल्ल्यानंतर चारच दिवसांनी लातूरची दोन माणसे पणाला लागली. ३० नोव्हेंबरला केंद्रीय गृहमंत्री शिवराज पाटील चाकूरकरांनी नैतिक जबाबदारी स्वीकारून राजीनामा दिला. सप्टेंबरमध्ये दिल्लीत बॉम्बस्फोट झाले त्या संध्याकाळी त्यांनी पुन्हा पुन्हा कपडे बदलले, यावरून वाहिन्यांनी त्यांना आधीच झोडपले होते. त्याच सुमारास मुख्यमंत्री विलासराव देशमुख ताज हॉटेलची पाहणी करायला गेले. सोबत अभिनेता मुलगा रितेश होता आणि चित्रपट दिग्दर्शक रामगोपाल वर्माही होता. अजून काचांचा खच पडलेला, भिंती काळवंडलेल्या, आणि कॅमेऱ्यांसमोर ही मंडळी चाललेली. ते दृश्य देशभर दिसले. सुरक्षेतल्या त्रुटी, किनारपट्टीवरची गस्त, गुप्तचरांचे इशारे या गोष्टी अहवालांत राहिल्या. मुख्यमंत्र्यांची खुर्ची गेली ती त्या एका चित्रफितीने. एका आठवड्यात लातूरचा गृहमंत्री गेला, मुख्यमंत्रीही गेला. ८ डिसेंबरला अशोक चव्हाणांचा शपथविधी झाला.

याचा आपल्या माणसांना काय अर्थ लागला, ते पाहण्यासारखे आहे. २००९च्या सुरुवातीलाच नांदेडला महसूल आयुक्तालय देण्याचा निर्णय झाला आणि लातूर पेटले. बंद झाले, मोर्चे निघाले, प्रकरण न्यायालयात गेले, आणि ते आयुक्तालय वादातच अडकून पडले. मुंबईच्या ताजमधल्या एका फेरफटक्याचा लातूरकरांना बसलेला खरा फटका हा होता. आपल्याकडे मुख्यमंत्री म्हणजे मुंबईत उघडणारे दार. ते दार कोणाच्या गावाकडे तोंड करून आहे, यावर रस्ते, कार्यालये, महाविद्यालये, पाण्याच्या योजना ठरतात, असा पक्का अनुभव. सप्टेंबर १९४८मध्ये निजामाच्या राजवटीतून सुटलेला आणि १९५६मध्ये कोणत्याही अटीविना मराठी मुलखात सामील झालेला हा प्रदेश आपला अनुशेष मोजत बसला आहे. त्याला ‘आपला माणूस वर असणे’ ही चैन वाटत नाही, गरज वाटते.

त्यामुळे मतदाराच्या हिशेबात घोटाळा कोणत्या खात्यावर टाकायचा, हा प्रश्न अंतराचा असतो. अशोकरावांची खुर्ची जिच्यावरून गेली ती आदर्श सोसायटी कुलाब्यात आहे. एकतीस मजल्यांची ती इमारत भोकरच्या शेतकऱ्याने पाहिलेली नाही, तिथला फ्लॅट त्याला मिळायचा नव्हता, आणि तो दुसऱ्याला मिळाल्याने त्याचे काही गेलेही नाही. उलट विष्णुपुरीचे पाणी, गुरू-ता-गद्दीच्या त्रिशताब्दीत नांदेडला झालेले रस्ते आणि पूल त्याच्या डोळ्यांसमोर आहेत. ‘खाल्लं आसंल, पण आणलं बी’ हे वाक्य आपण टीकेच्या सुरात उद्धृत करतो. त्यात एक हिशेब आहे, आणि तो अडाणी माणसाचा हिशेब नाही. शहरात बसून त्याला हसणाऱ्यांपैकी कितीजण स्वतःच्या सोसायटीचा चेअरमन याहून वेगळ्या मापाने निवडतात?

हे अंतराचे गणित २०१४मध्ये सर्वांत स्पष्ट दिसले. आदर्शमध्ये नातेवाइकांना सदनिका मिळाल्याचे उघड झाल्यावर नोव्हेंबर २०१०मध्ये अशोकरावांना मुख्यमंत्रिपद सोडावे लागले. जानेवारी २०११मध्ये सीबीआयच्या गुन्ह्यात त्यांचे नाव आले. सगळे आरोप त्यांनी नाकारले. डिसेंबर २०१३मध्ये न्यायमूर्ती जे. ए. पाटील आयोगाचा अहवाल विधिमंडळात आला. मंत्रिमंडळाने तो आधी फेटाळला, मग राहुल गांधींनी जाहीर नापसंती दाखवताच जानेवारीत तो अंशतः स्वीकारला. पाच महिन्यांच्या आत लोकसभा निवडणूक झाली. मोदी लाटेत काँग्रेसच्या महाराष्ट्रात दोनच जागा वाचल्या, नांदेड आणि शेजारची हिंगोली. ज्यांच्या नावाने देशभर काँग्रेसला शिव्या बसत होत्या ते अशोक चव्हाण ८१ हजारांहून अधिक मतांनी निवडून आले, आणि राज्यभर पडले ते आदर्शशी काडीचा संबंध नसलेले काँग्रेसवाले. घोटाळ्याचे बिल पक्षाच्या खात्यावर फाडले गेले. ज्याच्या नावावर ते होते, त्याच्या मतदारसंघाने ते भरलेच नाही. तीन वर्षांनी नांदेड-वाघाळा महापालिकेत काँग्रेसने ८१ पैकी ७३ जागा घेतल्या.

आयोगाच्या अहवालात आपल्यासाठी आणखी एक तपशील आहे. राजकीय आशीर्वाद दिल्याचा ठपका त्याने चार माजी मुख्यमंत्र्यांवर ठेवला. शिंदे सोलापूरचे. उरलेले तिघे निलंगेकर, विलासराव आणि अशोकराव. सोलापूर वगळले तर बाकी सगळे आपलेच! आणि जी गोष्ट लोकांच्या मनात घट्ट बसली आहे, म्हणजे ती जमीन कारगिलच्या वीरांसाठी राखीव होती, ती त्याच आयोगाने मान्य केली नाही. जमीन राज्य सरकारची आहे आणि ती कारगिलसाठी राखीव नव्हती, असा निष्कर्ष त्याने काढला. पण ‘शहिदांच्या विधवांचे फ्लॅट’ ही कथा एवढी सरळ होती की तिच्यापुढे सातबारा कोण वाचतो? मुख्यमंत्र्यांना घालवले त्या कथेने. कागदांची लढाई पुढे सात वर्षे चालली. एका राज्यपालांनी खटल्याला परवानगी नाकारली, दुसऱ्यांनी २०१६मध्ये दिली, आणि डिसेंबर २०१७मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ती रद्द केली.

मतदाराला माहिती मिळते कुठून, याकडेही पाहिले पाहिजे. इथे नांदेडने देशाला एक धडा दिला, म्हणून थोडा रेंगाळतो. ऑक्टोबर २००९ची विधानसभा निवडणूक. पत्रकार पी. साईनाथ यांनी त्या काळातली मराठी दैनिके समोर ठेवली, तेव्हा एकमेकांच्या स्पर्धेतल्या वर्तमानपत्रांत मुख्यमंत्र्यांची स्तुती करणारा तोच मजकूर शब्दन् शब्द सारखा छापलेला सापडला. ‘अशोक पर्व’ नावाने पानेच्या पाने होती. जाहिरात असे कुठेही लिहिलेले नव्हते, बातमीच्या वेशात सगळे होते. उमेदवाराने निवडणूक आयोगाला दिलेल्या हिशेबात वर्तमानपत्रांच्या जाहिरातींचा खर्च होता ५,३७९ रुपये. केबल टीव्हीचा ६,००० रुपये. आपल्याकडे एखाद्याच्या मुलाच्या जावळाची जाहिरात याहून महाग पडते! या पानांसाठी आपण पैसे दिलेच नाहीत, ही अशोकरावांची भूमिका होती. त्यांचे पराभूत प्रतिस्पर्धी माधवराव किन्हाळकर तक्रार घेऊन लढले. मे २०१४मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आयोगाला अशी चौकशी करण्याचा अधिकार असल्याचे सांगितले, जुलैत आयोगाने हिशेब नियमानुसार नसल्याचे म्हटले, आणि सप्टेंबरमध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने आयोगाचा तो आदेश रद्द केला.

यात मला खरे नवल वाटते ते भोकरच्या निकालाचे. अशोकराव तिथे लाखाहून अधिक मताधिक्याने निवडून आले. ती पाने छापली नसती तरी आले असते. मग पाने कोणासाठी होती? माझा तर्क असा की ती भोकरच्या मतदारासाठी नव्हतीच, दिल्लीसाठी होती. निवडणूक झाल्यावर मुख्यमंत्री कोण, हे ठरायचे होते. पक्षातच दावेदार होते. वर्षभरापूर्वी नारायण राणे त्याच खुर्चीवरून जाहीरपणे चिडले होते आणि निलंबित झाले होते. राज्यभरच्या वर्तमानपत्रांत ‘पर्व’ दिसले पाहिजे, ही गरज विधानसभेच्या उमेदवाराची असत नाही. ती वरच्या पदाच्या उमेदवाराची असते.

खरी माहिती मतदारापर्यंत पोचली तर काय होते? ब्राझीलमध्ये फेराझ आणि फिनान या दोन अर्थतज्ज्ञांनी नगरपालिकांच्या सरकारी लेखापरीक्षणाचा अभ्यास केला, तो २००८मध्ये प्रसिद्ध झाला. कोणत्या गावाचे ऑडिट करायचे हे तिथे चिठ्ठ्या टाकून ठरत असे, त्यामुळे तुलना चोख करता आली. निवडणुकीआधी अहवाल बाहेर आला तर भ्रष्ट महापौरांची पुन्हा निवडून येण्याची शक्यता घटली, आणि जिथे गावचे रेडिओ केंद्र होते तिथे ती आणखी घटली. म्हणजे मतदार बेफिकीर नसतो. त्याच्या गावचा हिशेब, त्याच्या भाषेत, वेळेवर त्याच्यापर्यंत पोचला तर तो शिक्षा करतो. नांदेडला २००९मध्ये तेच काम करू शकणारी दैनिके ‘पर्व’ छापत होती. आणि आदर्शचा अहवाल पोचला तेव्हा तो दुसऱ्याच गावचा हिशेब होता.

आता पक्षाकडे वळू. मुख्यमंत्रिपदाचा उमेदवार मतपत्रिकेवर नसतो. त्याचे नाव दिल्लीहून येते. म्हणून या पदाची वाट मोजक्या माणसांच्या मनातून जाते, आणि तिथे प्रकरणाचा उपयोग हत्यारासारखा होतो. बॅरिस्टर अंतुल्यांचे उदाहरण आपल्या पिढीला आठवत असेल. सिमेंट वाटपाच्या बदल्यात प्रतिष्ठानांना देणग्या घेतल्याच्या आरोपावरून न्यायमूर्ती लेंटिन यांच्या निकालानंतर जानेवारी १९८२मध्ये ते गेले. पुढे रायगडमधून लोकसभेवर निवडून येत राहिले, केंद्रात दोनदा मंत्री झाले. पुन्हा मुख्यमंत्री झाले नाहीत. मनोहर जोशी पुण्यातल्या भूखंड प्रकरणाच्या गदारोळात १९९९च्या जानेवारी अखेरीस गेले. त्याच वर्षी खासदार आणि केंद्रीय मंत्री झाले, २००२मध्ये तर लोकसभेचे अध्यक्ष. पुन्हा मुख्यमंत्री नाही. निलंगेकर, अंतुले, जोशी, अशोकराव. पुढचे दार बंद होते आणि बाजूचे उघडते, हा महाराष्ट्राचा जवळजवळ नियमच आहे.

बाजूच्या दाराचे नाव बऱ्याचदा राज्यसभा. चाकूरकर २००४मध्ये लातूरमधून लोकसभा हरले. सात वेळा निवडून दिलेल्या लातूरने रूपाताई पाटील निलंगेकरांना निवडले. हरलेला माणूस राज्यसभेतून थेट देशाचा गृहमंत्री झाला. गृहमंत्रिपद गेल्यावर वर्षभराने पंजाबचे राज्यपालपद आले. विलासराव २००९मध्ये राज्यसभेतूनच केंद्रात गेले. अशोकराव २०२४मध्ये राज्यसभेतच गेले, पक्ष बदलून. ज्याला लोकांसमोर लगेच उभे करायचे नाही आणि गमवायचेही नाही, त्याला ठेवायची ती जागा आहे.

विलासरावांचे एक प्रकरण तर या सगळ्याचा अर्क आहे. मुख्यमंत्री असताना, २००६मध्ये, खामगावच्या काँग्रेस आमदाराच्या कुटुंबाविरुद्ध सावकारीची तक्रार होती. ती नोंदवून घेऊ नये यासाठी मुख्यमंत्री कार्यालयातून पोलिसांना फोन गेला आणि पोलिस ठाण्याच्या डायरीत त्याची नोंद झाली. एका प्रामाणिक किंवा घाबरलेल्या फौजदाराने ती ओळ लिहून ठेवली म्हणून आपल्याला हे कळते. शेतकरी आत्महत्यांच्या पट्ट्यातले हे प्रकरण. डिसेंबर २०१०मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विलासरावांच्या हस्तक्षेपावर कडक शब्दांत टीका केली आणि राज्य सरकारला दहा लाखांचा दंड ठोठावला. पुढच्याच महिन्यात केंद्रीय मंत्रिमंडळात फेरबदल झाला. विलासरावांचे अवजड उद्योग खाते गेले आणि त्यांना मिळाले ग्रामविकास! सावकाराच्या बाजूने फोन केल्याबद्दल न्यायालयाने ज्यांना झापले, त्यांच्याकडे देशातल्या खेड्यांचा कारभार. ताजमधला फेरफटका खुर्ची घेऊन गेला आणि पोलिस डायरीतली ओळ बढती अडवू शकली नाही. माझ्या मते दुसरी गोष्ट पहिलीहून कितीतरी गंभीर होती. पण तिची चित्रफीत नव्हती.

सीमेपलीकडे, आपल्या उदगीरहून तासाभरावर असलेल्या कर्नाटकात याच्या उलट घडले. येडियुरप्पा लोकायुक्तांच्या खाण अहवालानंतर जुलै २०११मध्ये गेले. त्यांनी राज्यपालपदाची वाट पाहिली नाही, स्वतःचा पक्ष काढला, २०१३मध्ये भाजपची मते फोडली आणि पक्षाला सत्तेबाहेर घालवण्यात हातभार लावला. मग त्यांना परत बोलावले गेले आणि ते पुन्हा मुख्यमंत्री झाले. तमिळनाडूत जयललितांची खुर्ची न्यायालयांनी दोनदा काढली, दोन्ही वेळा त्या परत आल्या, कारण त्यांची हायकमांड त्या स्वतःच होत्या. आपले मुख्यमंत्री निष्ठावंत होते. दिल्लीने सांगितले की राजीनामा लिहून द्यायचा आणि पुढच्या गाडीची वाट पाहायची, ही शंकररावांपासूनची शिस्त. निष्ठेचे बक्षीस मंत्रिपद असते, मुख्यमंत्रिपद परत मिळवायचे तर उपद्रवमूल्य लागते. नांदेडच्या वाड्याने ते दाखवले १२ फेब्रुवारी २०२४ला, अशोकरावांनी काँग्रेस सोडली तेव्हा. केंद्र सरकारने संसदेत मांडलेल्या श्वेतपत्रिकेत यूपीए काळातल्या घोटाळ्यांमध्ये आदर्शचे नाव आले त्याला तेव्हा चारच दिवस झाले होते. तेराला भाजप प्रवेश, चौदाला राज्यसभेची उमेदवारी.

मतदार कशाची शिक्षा देतो, हेही सांगायला हवे. १९९५मध्ये लातूरने विलासरावांना शिवाजीराव पाटील कव्हेकरांकडून हरवले, तेव्हा त्यांच्यावर कोणते प्रकरण नव्हते. लातूरच्या भूकंपाला दीड वर्ष झाले होते आणि लोकांना साहेब दूर गेल्यासारखे वाटत होते. चार वर्षांनी त्याच लातूरने त्यांना विक्रमी मतांनी परत आणले आणि ते मुख्यमंत्री झाले. २०१९मध्ये अशोकराव लोकसभेला चाळीस हजारांनी हरले, त्यातही आदर्श नव्हते; वंचितच्या उमेदवाराने घेतलेली दीड लाखावर मते होती. दूर जाणे, माज येणे, जातीपातीचे गणित फिरणे, पाणी न येणे. यांवर लोक पाडतात. २०१९मध्येच लातूर ग्रामीणमध्ये ‘नोटा’ दुसऱ्या क्रमांकावर आला, साडेसत्तावीस हजार मते घेऊन. लोकांना राग व्यक्त करता येत नाही असे म्हणणाऱ्यांनी तो आकडा जवळ ठेवावा.

पक्षांतराची शिक्षा झाली का? झाली आणि नाहीही. जून २०२४मध्ये अशोकराव सोबत असूनही भाजपने नांदेडची लोकसभा जवळपास साठ हजारांनी गमावली. आरक्षणाचा राग त्यात मोठा होता. ऑगस्टमध्ये खासदार वसंतराव चव्हाण यांचे निधन झाले आणि २० नोव्हेंबरला विधानसभेसोबत लोकसभेची पोटनिवडणूक झाली. एकाच केंद्रात, एकाच रांगेत उभे राहून माणसांनी दोन यंत्रांवर दोन बटणे दाबली. विधानसभेच्या जिल्ह्यातल्या नऊच्या नऊ जागा महायुतीला गेल्या, भोकरला अशोकरावांची कन्या श्रीजया निवडून आली. आणि लोकसभा काँग्रेसने राखली, १,४५७ मतांनी. इतक्या बारकाईने बटणे दाबणाऱ्या माणसाला आदर्श कळले नव्हते, असे मी मानणार नाही. त्याने ते वेगळ्या कप्प्यात ठेवले होते.

म्हणून मतदाराला शहाणे करण्याच्या मोहिमांत मला फारसा रस नाही. निर्णय जिथे होतो तिथे बोट ठेवावे. उमेदवाराला प्रतिज्ञापत्र द्यावे लागते, त्यात खटले, मालमत्ता, कर्ज, शिक्षण हे सगळे येते. आज सांगितलेल्या प्रकरणांपैकी किती त्यात दिसतील? मार्क नाहीत, ताजमधला फेरफटका नाही, फोनची डायरी नाही. १३ फेब्रुवारी २०२०ला सर्वोच्च न्यायालयाने मात्र एक नेमकी गोष्ट केली. ज्याच्यावर फौजदारी प्रकरण प्रलंबित आहे अशा माणसाला उमेदवारी द्यायची असेल तर का दिली, आणि ज्याच्यावर काही नाही असा दुसरा माणूस का चालला नाही, हे पक्षाने निवडीनंतर ४८ तासांत प्रसिद्ध करायचे. ‘निवडून येण्याची क्षमता’ हे एकटे कारण चालणार नाही, असेही न्यायालयाने बजावले. प्रश्न प्रथमच मतदाराला नव्हे, पक्षाला विचारला गेला.

ती कारणे आता वर्तमानपत्रांत येतात, बारीक टायपात, आतल्या पानावर. पुढच्या निवडणुकीत आपल्या नांदेडच्या, लातूरच्या आवृत्तीत ती शोधा आणि कापून ठेवा. ‘लोकप्रिय समाजसेवक’ आणि ‘राजकीय आकसातून दाखल गुन्हे’ या दोन ओळी किती नावांपुढे जशाच्या तशा आल्या आहेत, ते आधी मोजा. मग आपल्या तालुक्यातल्या त्याच पक्षाच्या, ज्याच्यावर एकही गुन्हा नाही अशा इच्छुकाला पक्षाच्या बैठकीत काय सांगितले गेले होते, ते त्यालाच विचारा. तो सांगेल, फक्त नाव छापू नका म्हणेल.